मंडईच्या लेकी

आमच्या बाईंना ‘या ना कधी घरी’ असं म्हणायची गावात सोय नव्हती. म्हणणारा घरी पोहोचून चपला काढतो न काढतो तोच बाई दारात हजर. गळ्यात शिट्टी, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, पांढऱ्या पातळाचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, आणि चेहऱ्यावर रीतसर बोलावून आलेल्या पाहुण्याचा निवांतपणा. ‘‘तुमी म्हणलं, मी आली,’’ एवढंच त्यांचं स्पष्टीकरण असे. मग चहा व्हायचा, पोहे व्हायचे, आणि पुढच्या वेळी बाई समोरून येताना दिसल्या की यजमान शेजारच्या बोळात शिरायचे.

बाई आमच्या मुलींच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायच्या. ही गोष्ट सत्तरीच्या दशकातली. भंडारा जिल्ह्यातल्या त्या तालुक्याच्या गावाचं नाव मी सांगत नाही, बाईंचंही सांगणार नाही. त्या असत्या तर ‘माह्यावर लिहाले कोणी सांगितलं होतं तुले?’ असं त्यांनी विचारलं असतं.

माणसं बरंचसं बोलणं पाळायचं नाही म्हणूनच बोलतात, हे बाईंना ठाऊक नसावं असं मला तेव्हा वाटायचं. भोळ्याच आहेत, असं आम्ही मुली आपापसात म्हणायचो. आता वाटतं, त्यांना ते चांगलंच ठाऊक होतं. फक्त ते मान्य करायला त्या तयार नव्हत्या. समोरचा काही बोलला की बाई मान डोलवून म्हणायच्या, ‘‘बोलले ना? झालं तर मंग.’’ तेवढं ऐकलं की शहाण्या माणसाला घाम फुटायचा.

बाजारातल्या कापडवाल्या शेटजींना तो फुटायला जरा उशीर झाला. शेजारच्या मुलांच्या शाळेतल्या संघांना दर वर्षी गणवेश मिळे आणि मुलींना ‘परकर वर खोचा’ असा सल्ला मिळे, तेव्हाची ही हकिगत. बाई दुकानात गेल्या. शेटजी सवयीनं म्हणाले, ‘‘या या, दुकान तुमचंच आहे बाई.’’ बाई गल्ल्यामागे गेल्या, फळीवरचा निळ्या कापडाचा तागा काढला, खांद्यावर टाकला आणि थेट शिंप्याकडे चालत्या झाल्या. मधल्या सुट्टीत शेटजी धापा टाकत शाळेत आले. बाई म्हणाल्या, ‘‘आपल्याच दुकानातून नेलं, त्यात काय एवढं?’’ पुढे पगार झाला की त्या दर महिन्याला थोडे थोडे पैसे शेटजींच्या गल्ल्यात टाकून यायच्या. पण टाकताना ‘‘आपल्याच गल्ल्यात टाकून राहिली’’ असं चारचौघांत म्हणायच्या. त्यानंतर शेटजी गिऱ्हाइकाला नुसतं ‘बसा’ म्हणू लागले.

मी कबड्डीत आले तीसुद्धा अशीच. माझे वडील तहसिलीत कारकून. बाई परवानगी मागायला आमच्या घरी आल्या, तेव्हा मास्तरीणबाईंना तोंडावर नाही कसं म्हणायचं म्हणून वडील हसत म्हणाले, ‘‘आता ती तुमचीच पोरगी समजा.’’ आमच्या घरात या वाक्याचा अर्थ विषय संपला असा होता. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बाई अंगणात उभ्या. वडिलांच्या तोंडात दंतमंजन. बाईंनी विचारलं, ‘‘माही पोरगी उठली काय?’’ वडिलांना हो म्हणता येईना आणि नाही तर मुळीच म्हणता येईना. मी चुळा भरून निघाले, ते पुढची बरीच वर्षं निघतच राहिले.

तलावाच्या पाळीवर आम्ही धावायचो आणि वैनगंगेच्या वाळूत पकडी शिकायचो. बाई स्वतः बचावाला उभ्या राहायच्या. त्यांच्या हातात घोटा सापडला की तो आपला आहे हे विसरून जावं. तोंडानं कौतुक म्हणून कधी केलं नाही. एखादीची चढाई फार मनासारखी झाली तर त्या दुसरीकडेच बघत बसायच्या आणि जाताना पदरातले मूठभर शेंगदाणे तिच्या हातावर ठेवायच्या. ते शेंगदाणे मी घरी नेऊन आईला दाखवत असे. आईला वाटे, एवढ्याशा दाण्यांचं हिला काय अप्रूप.

शिट्टी त्यांच्या गळ्यातून कधीच उतरत नसे. भाजीबाजारात भाव पटला नाही की एक बारीक शिट्टी, पटला की लांब शिट्टी. भाजीवाल्या बायका त्यावर खूश असायच्या. शिक्षकांच्या बैठकीत मात्र एकदा मुख्याध्यापक बोलत असताना बाईंनी वेळ संपल्याची शिट्टी वाजवली आणि मुख्याध्यापक खरोखरच थांबले.

याच शाळेनं त्यांना निवृत्तीच्या वेळी निरोप दिला, ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा. शेजारच्या मुलांच्या शाळेतले खेळाचे सर त्याच दिवशी निवृत्त झाले. एकच मांडव, एकच हारवाला. सरांना मनगटी घड्याळ दिलं, बाईंना लुगडं आणि नारळ. मी मांडवात बसले होते, माझं डोकंच फिरलं. बाई मात्र शांतपणे भाषणं ऐकत होत्या. नवे मुख्याध्यापक गहिवरून म्हणाले, ‘‘बाई, ही शाळा तुमचीच आहे, केव्हाही या.’’ मी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई मैदानावर होत्या. पुढे गुडघे चालेनासे होईपर्यंत त्या रोज गेल्या. शाळेनं नवी शिक्षिका नेमली होती, तीही बिचारी शेवटी बाईंच्या शिट्टीवर धावू लागली.

पण मला सांगायचं आहे ते मंडईचं. दिवाळी झाली, धान कापून घरात आलं की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा जत्रा, रात्री नाटक, आणि सासरी गेलेल्या लेकी त्या निमित्तानं माहेरी येतात. पाय धुवायला पाणी, डोक्याला तेल, पानात वडे. लेकीनं त्या दिवसांत कामाला हात लावायचा नाही, अशी रीतच आहे. आमच्या काळात या मंडयांना कबड्डीचे सामने जोडले गेले होते. गावातले चांगले खेळाडू मुलगे हंगामभर एका मंडईतून दुसऱ्या मंडईत खेळत फिरायचे आणि खिशात रोकड घेऊन परतायचे. त्यांच्या आया त्यांना हौसेनं पाठवायच्या.

आम्हीही फिरायचो. पण मुलांचा अंतिम सामना संध्याकाळी, पाणी मारलेल्या मऊ मैदानावर, ट्यूबलाइटच्या उजेडात. आमचा भर दुपारी, तापलेल्या ढेकळांत, बघायला चार रिकामटेकडे आणि त्यांच्या नाही नाही त्या शेरेबाज्या. मुलांची सोय शाळेच्या खोल्यांत जेवणासह, आमची एस.टी.च्या शेडमध्ये घरून नेलेल्या शिदोरीवर. मुलांना बक्षीस म्हणजे पाकीट. आम्हाला ओटी, नाहीतर पाण्याचा एक पितळी गुंड. भंडारा पितळेसाठी नावाजलेला, त्यामुळे गुंडांना तोटा नव्हता. आमच्या स्वयंपाकघरात माझ्या पराक्रमाची उतरंड लागली होती. आता टीव्हीवर कबड्डी लागते तेव्हा मी हटकून बघते, आणि बायकांचा सामना कधी लागणार म्हणून विचारते. घरचे म्हणतात, लागेल.

मला गुंड परवडत होते, सुजाताला नाही. सुजाता म्हणजे आमची कप्तान. तिच्यासारखी चढाई मी पुन्हा कोणाची पाहिली नाही. वडील नव्हते. ती आणि तिची आई बिड्या वळायच्या, त्यावर घर चाले. मंडईला गेलं की सुजाताच्या बिड्या बुडत. त्या वर्षी तिच्या आईनं बाईंना स्पष्टच सांगितलं, ‘‘बाई, पोरं खेळून आणते अन् माही पोरगी खेळून गमावते. हे शेवटचं. या खेपेला हातात काही पडलं तर पाहू, नाई तर तिले मागाले येऊ नका.’’ बाईंनी मान डोलवली. बोललेलं बाई मानायच्या, ते स्वतःच्या विरुद्ध गेलं तरी. त्यामुळे ते शेवटचं आहे हे आम्हा सगळ्यांनाच कळलं.

मंडई होती लाखांदूरकडच्या एका गावात. पहिल्या दुपारी आम्ही उपांत्य सामना जिंकलो. दुसऱ्या दुपारी अंतिम सामना व्हायचा होता, गोंदियाकडच्या मुलींशी. उपांत्य सामना संपल्यावर मंडईच्या मंडळाचे अध्यक्ष माइकवर आले. राईस मिलचे मालक, आवाज भरदार. म्हणाले, ‘‘मुलांच्या गटाले नगद बक्षीस आहे, पण या पोरी आपल्या गावच्या लेकी आहेत. लेकीले का कोणी पैसे देते? लेकीची ओटी भरून पाठवणी कराची असते. आमी आमच्या लेकीची पाठवणी थाटात करू.’’ टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात टाळ्या बाई वाजवत होत्या. सुजातानं खाली मान घातली. मी बाईंकडे पाहिलं. त्या मान डोलवत होत्या.

बाईंनी शिट्टी मारली. आम्ही वळकट्या घेऊन ओळीत उभ्या राहिलो. मग आमची वरात गावातून अध्यक्षांच्या घरापर्यंत गेली. उंबऱ्याबाहेर बाई थांबल्या. आत अध्यक्षांची बायको होती, आम्ही पुढे तिला काकू म्हणू लागलो. तिनं विचारलं, ‘‘कोण पाहिजे?’’

‘‘कोणी नाई पाहिजे. मंडईले लेकी आल्या,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पाय धुवाले पाणी आणा, वहिनी.’’

शेजारची एक म्हातारी काठी टेकत आली आणि आम्हाला एकेकीला निरखून म्हणाली, ‘‘कोणाकोणाच्या पोट्ट्या आहेत ह्या?’’ हा प्रश्न कशासाठी विचारतात ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. सुजाता एक पाऊल मागे सरली. बाईंनी तिला दंडाला धरून पुढे उभं केलं. ‘‘अध्यक्षाच्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माइकवर सांगितलं त्यायनं.’’

काकू आमच्याकडे बघत उभी राहिली. मग आत गेली आणि पाणी घेऊन आली. पहिल्यांदा तिनं पाणी घातलं ते सुजाताच्याच पायांवर. तिला दोन मुलगे, मुलगी नाही. नंतर आमचे केस विंचरताना तिनंच सांगितलं, ‘‘साऱ्या गावात मंडईले लेकी येते माय, माह्याच दारात कोणी येत नाई.’’ त्या घरात आम्ही वडे खाल्ले, तांदळाच्या पिठाचे आयते खाल्ले, ओसरीवर लोळलो. बाईंनी रिकामं बसण्याआधी एक काम केलं. एस.टी.च्या शेडमधून गोंदियाच्या मुलींनाही बोलावून आणलं. त्यांचे सर घाबरट होते, पुढच्या वर्षी आमंत्रण येणार नाही म्हणून ते शेडमध्येच बसले. मुली मात्र एकामागून एक वळकट्या घेऊन आल्या.

अध्यक्ष मैदानावरच्या गडबडीत होते. घरी आले तेव्हा घर पोरींनी भरलेलं बघून हसले. त्यांना वाटलं, एका रात्रीचा प्रश्न आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी ते मंडळाच्या माणसांना घेऊन अंगणात आले. बाई ओसरीवर शेंगा सोलत होत्या.

‘‘बाई, पोरी पाठवा. मॅच लावाची आहे.’’

‘‘आत्ता? या उन्हात?’’

‘‘दरसाल याच वेळेले राह्यते.’’

‘‘दरसाल त्या खेळाले आलेल्या पोरी होत्या भाऊ. औंदा तुमी लेकी म्हणलं. मंडईले आलेली लेक भर उन्हात कोणी घराबाहेर काढते काय?’’

अध्यक्ष मागच्या माणसांकडे बघून हसले. कोणी परत हसलं नाही. ‘‘मंग तुमचं म्हणणं काय आहे?’’

‘‘माहं काहीच म्हणणं नाई. तुमचंच म्हणणं आहे, मी आयकून राहिली. तुमचा लेक कवा खेळते?’’

अध्यक्षांचा धाकटा मुलगा गावच्या संघात होता. ‘‘सांजेले,’’ ते म्हणाले.

‘‘मंग लेकीही सांजेले खेळन. अन् लेक जिंकला तर त्याले काय देता?’’

मंडळातला एक जण म्हणाला, ‘‘बाई, पैसा आधीच ठरलेला आहे. वरून कुठून आणाचा?’’

‘‘वरून कायले? आहे त्याचे दोन वाटे करा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘वहिनी, घरात एकच पोळी उरली अन् लेकरं दोन असली तर काय करता तुमी?’’

आता अध्यक्षांचा पारा चढला. ते म्हणाले, महिला गटच रद्द करतो, मग बसा. बाईंनी शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले. ‘‘करा रद्द. आमी राहू. माहेर आहे, काही घाई नाई. माह्या सुट्ट्याही बाकी आहेत.’’

एव्हाना अंगणात बायका जमल्या होत्या. आदल्या संध्याकाळपासून त्या आम्हाला बघायला येत होत्या. कोणी मूठभर चिवडा आणला होता, कोणी गजरा. त्यांच्यातल्या एकीनंही आजवर आमचा सामना पाहिला नव्हता. दुपारी त्या कामात असायच्या आणि संध्याकाळी पुरुषांच्या गर्दीत त्यांना जागा नसायची. त्यातली एक म्हणाली, सांजेला असली तर आम्हीपण येऊ. दुसरी म्हणाली, मी सासूलाही आणीन.

तेव्हा काकू स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आली. नवऱ्याशी चारचौघांत बोलायची तिला सवय नसावी, कारण ती खांबाकडे बघून बोलली. ‘‘लेकी म्हणून तुमीच म्हणलं. साऱ्या गावानं आयकलं. अन् आता लेकीले उपाशी-तापाशी हाकलून देलं, तर उद्या मी पाण्याले गेली की बाया मले विचारन. मी काय सांगू?’’

अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. ओटीची गोष्ट त्यांनी मनापासूनच केली होती, हे मला आजही वाटतं. लेकीला पैसे देत नाहीत हे त्यांना खरंच गोड वाटत होतं, आणि ते किती स्वस्तही पडतं याचा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता. ते मैदानाकडे निघून गेले. घटकाभरानं माइक खरखरला. ‘‘आपल्या मंडळानं असा विचार केला आहे,’’ आवाज पुन्हा भरदार होता, ‘‘की लेक अन् लेकी आपल्याले सारखे. म्हणून दोन्ही गटाले बक्षीस सारखं राहीन, अन् पोरीची फायनल सांजेले, मोठ्या मैदानावर.’’ बाईंनी ओसरीवर बसूनच टाळ्या वाजवल्या. ‘‘बोलले ना? झालं तर मंग.’’

त्या संध्याकाळसारखं खेळणं आयुष्यात पुन्हा झालं नाही. मैदानावर पाणी मारलं होतं. त्या मातीचा गारवा तळपायांना लागला तेव्हा मला रडू आलं, इतका राग आला, की हे या मुलांना रोज मिळत होतं. पुढच्या पोत्यांवर सगळ्या बायका. काकू मधोमध, पदर दातात. शेरेबाजी करणारे टोळभैरव मागे ढकलले गेले होते, आणि एकानं तोंड उघडलं तेव्हा काठीवाल्या म्हाताऱ्या आजीनं त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली.

आणि आम्ही हरलो. शेवटची चढाई सुजाताची होती. तिनं एकीला टिपलं, वळली, मधल्या रेषेपासून हातभर अंतरावर आली, आणि गोंदियाच्या दोघींनी हातात हात गुंफून साखळी घातली. सुजाता तिच्यात अडकली ती सुटली नाही. तिचा दम तुटलेला मला ऐकू आला. अध्यक्षांनी पाकीट गोंदियाच्या कप्तानाच्या हातात दिलं. ती ते दोन्ही हातांनी धरून उभी होती, काखेत घालावं की कमरेला खोचावं ते तिला कळेना. काकूनं आम्हा सगळ्यांच्या ओट्या भरल्या, दोन्ही संघांच्या, आणि भरताना रडली.

सकाळच्या एस.टी.नं आम्ही परत निघालो. आता मला ठाऊक आहे की बाकीच्या गावांनी लगेच काही शहाणपण घेतलं नाही. पुढेही कित्येक ठिकाणी आम्ही दुपारीच खेळलो आणि गुंड घेऊन आलो. पण त्या सकाळी माझ्या मनात तो विचार नव्हता. सुजाता खिडकीशी बसली होती, मांडीवर ओटीचा नारळ. तिचा खेळ संपला होता आणि ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. बाई तिच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांच्याकडे शेंगदाणे होते, पण दिले नाहीत.

गावात उतरल्यावर बाई सुजाताच्या घरापर्यंत गेल्या. माझं घर त्याच वाटेवर, म्हणून मीही. सुजाताची आई ओसरीवर पायावर सूप घेऊन बिड्या वळत होती. तिनं नारळ पाहिला.

‘‘ओटीच ना?’’

‘‘हरलो आई,’’ सुजाता म्हणाली.

बाई गळ्यातली शिट्टी मुठीत धरून उभ्या राहिल्या. मी त्यांना तसं उभं राहिलेलं आधी कधी पाहिलं नव्हतं. आईचे हात चालूच होते. एक बिडी बांधून झाली, मग दुसरी.

‘‘जिंकली असती तर भेटले असते?’’

‘‘हाव. पोरायच्या एवढेच. गोंदियाच्या पोरीले भेटले.’’

‘‘तिच्याच हातात देले? सरच्या हातात नाई?’’

‘‘तिच्याच हातात. माह्या डोळ्यासमोर.’’

आईचे हात थांबले. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि आजवर कधीच विचारलं नव्हतं ते विचारलं. ‘‘कशी हरली तू?’’

‘‘साखळीत सापडली.’’

‘‘साखळी म्हणजे काय राह्यते?’’

सुजातानं नारळ खाली ठेवला. मग बाईंनी आणि मी त्या अंगणात हात गुंफले आणि सुजाता आमच्यावर चालून आली. आम्ही तिला धरली. ती धडपडली, एका अंगाला कलली, सुटली नाही. आई पुढे वाकून बघत होती, एकदा आमच्या हातांकडे, एकदा सुजाताच्या पायांकडे.

‘‘वरून काहून जाते?’’ ती म्हणाली. ‘‘हाताच्या खालून निघ ना.’’ आणि सुजाताच्या वाटणीची तेंदूची पानं तिनं आपल्या सुपात ओढून घेतली. ‘‘दाखव अजून एक खेप.’’